डावीकडची पट्टी

रंग वाळायला चार दिवस दिले.
अंबडच्या शेडमध्ये, पंखा बंद,
शेजारच्या लेथवाल्याला सांगून ठेवलं, बाबा, धूळ नको.
पाचव्या दिवशी बॉनेट चढवायला घेतलं
तेव्हा मोईन म्हणाला, "झालं ना ताई आता?"

झालं कुठलं.
रंग मरतो तो शेजाऱ्यामुळे.
जिथे पत्रा पत्र्याला टेकतो
आणि इंजिन दोघांना दिवसभर हलवत राहतं
तिथे आधी नुसती चकाकी येते,
मग करडी रेघ,
मग एक दिवस बोट फिरवलं की तांबडं लागतं,
आणि हे तांबडं डब्यातलं नसतं.

ओझरला, विमानांच्या कारखान्यात,
एकवीस वर्षं मी हेच केलं:
नळी आणि क्लॅम्प यांच्यामध्ये
काहीतरी मऊ ठेवायचं.
हात पोचत नाही तिथे
दांडीचा छोटा आरसा घालून बघायचं.
आरसा अजून पेटीत आहे.
कारखान्याचा होता, परत द्यायचा राहिला.

भद्रकालीतून शब्बीर गादीवाल्याकडचा नमदा आणला,
राखाडी, अर्धं बोट जाड.
नमदा पाणी धरतो,
म्हणून मेण पातळ करून त्यात बुडवला,
दोन दिवस दोरीवर, चिमटे लावून.
(घरात वास. नवरा काही बोलला नाही.)
टाकीच्या पट्ट्याखाली ताडपत्रीची दुहेरी घडी,
दिव्यांच्या बुडाशी ट्रकच्या ट्यूबच्या चकत्या,
हत्यारपेटीच्या झाकणाला चामडं,
बॅटरीच्या वायरीला सायकलची ट्यूब, गाठ न मारता.
आणि बॉनेटच्या दोन्ही आकड्यांखाली
नमद्याची एकेक पट्टी, अंगठ्याएवढी.
डावीकडे पत्र्यात खोबण पडली होती, खोल.
ती मीच पुट्टीने भरली होती,
घासून घासून, मलाही सापडेना इतकी.

जानोरी फाट्यापर्यंत टेम्पोत नेला,
पुढे मोहाडीपर्यंत तेजसने चालवत.
द्राक्षाच्या मांडवाची तार
कुठे बॉनेटला लागू नये म्हणून मी चालत पुढे,
मिरवणुकीत वाट करून देतात तशी.

अण्णा गांगुर्डे ओट्यावर शेंगा फोडत होते.
शहाऐंशी वय, कान शाबूत.
ट्रॅक्टर दारात येऊन उभा राहिला
तरी मान वर नाही.
"अण्णा, आला!"
"कोण आला?"

मग उठले. भोवती एक फेरी मारली.
तांबड्यात स्वतःचं तोंड दिसलं, तिथे जरा थांबले.
"दिसतो तर आपलाच.
पण आपला नाल्याच्या पुलावरनं ऐकू यायचा.
खडखड खडखड.
इंदू त्या खडखडीवर तवा चढवायची.
मी हातपाय धुईस्तोवर पहिली भाकरी."

मी बॉनेट उघडलं, सगळं दाखवलं,
नमदा, मेण, चकत्या,
थोडी जास्तच बोलले असेन.
त्यांनी डाव्या पट्टीवर अंगठा दाबला, सोडला,
पुन्हा दाबला.
"काम झ्याक केलंस पोरी.
ही एक काढ."

"अण्णा, रंग जाईल."
"किती दिवसांत?"
"एका हंगामात. दोन, फार तर."
"मग पुरंल मला."
आणि स्वतःच हसले, ठसका लागेपर्यंत.

पटाशीने पट्टी उचलली.
गोंद चांगला बसला होता, जरा रंगही आला,
नखाएवढा.
तेजस पुलापर्यंत जाऊन वळून आला.
अण्णा ओट्यावर डोळे मिटून बसले होते.
पुलाच्या अलीकडेच त्यांनी मान हलवली.
मला अजून काहीच ऐकू आलं नव्हतं.

तेजसजवळ तांबड्या रंगाची बाटली दिली, बारीक ब्रश.
"वेळ आली की लाव," म्हणाले.
कसली वेळ, ते त्याने विचारलं नाही.

शेडवर येऊन बिल केलं:
नमदा, एक पट्टी वजा.